उसाच्या पट्ट्यात सरपणाचे पीक

उष्णता किंवा वीज मिळवण्यासाठी मुद्दाम लावलेल्या पिकाला ऊर्जापीक म्हणतात. त्याचे दाणे, फळे किंवा फुले विकायची नसतात. विकायचे ते लाकूड. १९७३ च्या तेलटंचाईनंतर स्वीडनने अशा पिकांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला आणि विलो हे झाड निवडले. विलोच्या वीतभर काड्या वसंतात जमिनीत खोचतात. पहिल्या वर्षानंतर रोपे बुडाजवळ छाटली की एका खोडाला अनेक धुमारे येतात. मग दर तीन-चार वर्षांनी, हिवाळ्यात पाने गळाल्यावर, यंत्राने तोडणी होते. उसाच्या खोडव्यासारखे तेच बुंधे पुन्हा फुटतात. फरक एवढाच की विलोचा खोडवा वीस वर्षांहून अधिक काळ चालतो. तेवढा काळ त्या जमिनीत नांगर जात नाही.

हवामानाच्या दृष्टीने अशा पिकाचा हिशेब सोपा वाटतो. लाकूड जळताना जो कार्बन वायुरूपाने बाहेर पडतो, तो झाडाने आदल्या तीन-चार वर्षांत हवेतूनच घेतलेला असतो. कोळशातला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीखाली गाडलेला असतो. पण या हिशेबात खर्चाची बाजूही मांडावी लागते. पाणी उपसायला कोळशापासून बनलेली वीज, रासायनिक खत, तोडणीचे आणि वाहतुकीचे डिझेल हे सगळे वजा करून जे उरते तीच खरी बचत. स्वीडनमधल्या एन्शॉपिंग शहराने ही वजाबाकी हुशारीने कमी केली. शहराच्या सांडपाण्यातले नत्र-स्फुरद विलोच्या शेताला द्यायचे, विलोचे लाकूड शहराला गरम पाणी पुरवणाऱ्या केंद्रात जाळायचे, आणि राख पुन्हा शेतात टाकायची, अशी ती व्यवस्था आहे.

विलो बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यातल्या उन्हात लावण्याचे कारण नाही. त्याच कुळातले वाळुंज हे झाड सह्याद्रीतल्या ओढ्याकाठी आणि नदीकाठी आपोआप वाढते, पण त्याला बारमाही ओल लागते. बारामती भागात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. ज्या रानाला बारमाही ओल आहे, तिथे ऊस उभा असतोच.

ऊस हेच या पट्ट्यातले सर्वांत मोठे ऊर्जापीक आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. एक टन ऊस गाळला की २८० ते ३०० किलो बगॅस, म्हणजे रस काढलेला चोथा, निघते. माळेगाव आणि सोमेश्वरसारखे कारखाने त्यावरच बॉयलर चालवतात आणि वीजही तयार करतात. त्याशिवाय तोडणीनंतर हेक्टरी ८ ते १० टन पाचट रानात राहते. सांगवीहून नीरा नदी ओलांडली की फलटण तालुका लागतो. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात उसाचे पाचट आणि बगॅस यांपासून जळाऊ वायू तयार करणारी भट्टी विकसित केली. तालुक्यातल्या शेतमालाच्या अवशेषांवर तालुक्याची ऊर्जेची गरज भागवता येईल, ही कल्पना याच संस्थेच्या अनिल राजवंशी यांनी १९९५ मध्ये मांडली होती. तरीही पाचटावर पहिला हक्क जमिनीचा आहे. खोडव्यात सरीआड पाचट पसरून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजवणारे जिवाणू टाकले तर पाणी वाचते आणि सेंद्रिय कर्ब वाढतो. पाचट पेटवून देणे मात्र कोणत्याच हिशेबात बसत नाही. त्यातून ना वीज मिळते, ना खत.

यानंतर वेगळ्या ऊर्जापिकाला कोणती जमीन द्यायची, हा प्रश्न उरतो, आणि सगळा निर्णय इथेच आहे. कालव्याखालच्या काळ्या रानात सरपण लावणे तोट्याचे. हवामानाच्या नजरेनेही ते चुकीचे ठरते, कारण तिथले धान्य किंवा चारा मग दुसरीकडे, कदाचित नवे रान मोडून, पिकवावा लागतो. उलट टोकाला मोकळी गवताळ माळराने आहेत. कागदावर ती पडीक दिसतात. प्रत्यक्षात इंदापूरच्या कडबनवाडीचे माळ आणि सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य ही चिंकाऱ्याची घरे आहेत, आणि माळावरच मेंढपाळांची मेंढरे जगतात. गवताच्या मुळांतही कार्बन साठलेला असतो. तो उकरून वर झाडे लावण्यात मिळकत नाही. २००३ नंतर देशभर मोगली एरंडाची जी लाट आली, तिने पडीक म्हणून अशाच जमिनी धरल्या. पाण्याशिवाय उत्पन्न आले नाही, आणि गुरांचे चराऊ रान तेवढे अडले.

नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या क्षारपड आणि पाणथळ जमिनींची गोष्ट निराळी. तिथे आधी चर काढून निचरा करावा. निचरा होईपर्यंत कडेने निलगिरीच्या ओळी लावता येतात. हे झाड जमिनीतले पाणी जोमाने ओढते, आणि हरियाणात पाणथळ शेते सुधारण्यासाठी ते याच कामाला वापरले गेले आहे. चांगल्या रानात हाच गुण दोष ठरतो, म्हणून निलगिरी विहिरीशेजारी नको.

ऊर्जापिकाला खरी योग्य जागा म्हणजे रुंद बांध, ओढ्याच्या कडेची तुकड्या-तुकड्यांची जमीन, बाजरीही धड न येणारे मुरमाड रान, आणि मालक पुण्याला नोकरीला असल्यामुळे वर्षानुवर्षे न कसलेले शेत. शेवटचा प्रकार तर दरवर्षी वाढतो आहे.

अशा जागेसाठी सुबाभूळ हे सर्वांत पारखलेले झाड आहे. उरुळी कांचनच्या बायफ संस्थेने, मणिभाई देसाईंच्या पुढाकाराने, १९७० च्या दशकात सुबाभळीचे हवाईतले उंच वाण महाराष्ट्रात पसरवले. पाने चाऱ्याला, फांद्या चुलीला आणि मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र असा तिचा तिहेरी उपयोग होता. १९८८ मध्ये तिचा रस शोषणारी सिलिड ही कीड भारतात आली आणि कोवळे शेंडे करपू लागले. पुढे या किडीला खाणारे ढालकिडे बाहेरून आणून सोडण्यात आले. सुबाभळीची कीर्ती आधी जरा जास्त वाढली आणि नंतर जरा जास्तच उतरली. झाड आहे तेवढेच उपयोगी राहिले. निचऱ्याची, किंचित विम्लधर्मी जमीन तिला मानवते. पाणी साचणारी जमीन अजिबात नाही.

सुबाभळीचे बी कठीण कवचाचे असते. उकळी येण्याआधीच्या, साधारण ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ते दोन-तीन मिनिटे ठेवून मग रात्रभर थंड पाण्यात भिजवावे. पिशवीतली दोन-तीन महिन्यांची रोपे जुलैत, चांगला पाऊस झाल्यावर लावावीत. सरपणासाठी दोन ओळींत २ मीटर आणि दोन रोपांत १ मीटर अंतर ठेवले की एकरी सुमारे २,००० झाडे बसतात. पहिले चार-सहा महिने वाढ इतकी मंद असते की लागवड फसली असे वाटते. या काळात दोन खुरपण्या आणि शेळ्यांपासून राखण एवढे तरी झालेच पाहिजे. पहिल्या उन्हाळ्यात रोपे तगवण्यापुरते पाणी द्यावे. त्यानंतर जे रान पाणी मागत राहील, ते या पिकासाठी चुकीचे निवडले असे समजावे.

पहिली तोड तिसऱ्या वर्षी येते. गुडघ्याएवढा खुंट ठेवून धारदार हत्याराने तिरका काप घ्यावा, म्हणजे पाणी साचून खुंट कुजत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी तोडले तर लाकूड पावसाआधी वाळते आणि खुंटाला पहिल्या पावसावर फुटवे येतात. त्यातले जोमदार दोन-तीन राखून बाकीचे काढावेत. डहाळ्यांचा पाला जनावरांना घालता येतो. त्यात प्रथिने भरपूर असतात, पण मिमोसीन नावाचे विषारी द्रव्यही असते. म्हणून एकूण चाऱ्यात पाला एक तृतीयांशापेक्षा कमी ठेवावा, आणि घोड्याला घालूच नये.

लाकूड वाळवणे हा या पिकातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ओल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असते. भट्टीतली बरीच उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते आणि धूर होतो. चांगले वाळलेले लाकूड किलोला ४,००० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता देते, म्हणजे साधारण प्रतीच्या देशी कोळशाएवढी. ओल्यावर विकणारा शेतकरी पाण्याचे गाडीभाडे भरतो, वाळवून विकणारा लाकडाचे.

गिऱ्हाईक लागवडीआधी पाहावे. केंद्र सरकारने २०२१ च्या धोरणात औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात ५ टक्के जैवइंधनाच्या कांड्या मिसळणे बंधनकारक केले, पण तो बाजार मुख्यतः शेतातल्या अवशेषांचा आहे. सुबाभळीचे गिऱ्हाईक जवळपासचे: कारखान्यांचे बॉयलर, वीटभट्ट्या, पांढरा कोळसा (दाबलेल्या कांड्या) बनवणारे कारखानदार. आंध्र प्रदेशात कागद कारखान्यांसाठी सुबाभूळ मोठ्या प्रमाणावर होते. तिथेही कारखाना लांब गेला की भाव पडतो. तोडणी आणि वाहतुकीच्या परवानगीबद्दल वनविभागाच्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावे.

सुबाभूळ पसरते. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. म्हणून माळरानाला किंवा ओढ्याच्या मुख्य धारेला लागून ती लावू नये, आणि शेंगा पिकून तडकण्याआधी बांधावरची झाडे छाटावीत. काही वर्षांनी रान मोकळे करायचे ठरल्यास नुसते खुंट तोडून भागत नाही. ते जेसीबीने मुळासकट काढावे लागतात. जमिनीत पडलेल्या बिया त्यानंतरही कित्येक वर्षे उगवत राहतात. ती रोपे चार पानांवर असतानाच खुरपून काढावीत, कारण हातभर वाढल्यावर ती खुरप्याला दाद देत नाहीत.