मंडईतली ढोलकी आणि जाकार्ताचं दांगदुत

धान घरात आलं, भाऊबीज झाली की वैनगंगेच्या खोऱ्यात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागतात; इकडे बालाघाट, वारासिवनी, लांजीकडे, तिकडे गोंदिया-भंडाऱ्यात. दिवसा दंडार हा नाचगाण्याचा लोकखेळ, रात्री नाटक. पोतं अंथरून आम्ही पोरं पहाटेपर्यंत हलत नसू. लुगडं नेसलेला नाच्या गिरकी घ्यायचा आणि ढोलकीवर अचानक सिनेमातली चाल यायची. जाणती मंडळी म्हणायची, दंडार बाटली. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

असं म्हणणारे दिल्लीतही होते. 1952 साली आपले मराठी बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी फार मोठं काम केलं, पण सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. लोकांनी काटा रेडिओ सिलोनवर नेला. शेवटी 1957 मध्ये आकाशवाणीला गाण्यांसाठी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

तिकडे इंडोनेशियात राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंचा रोष पाश्चात्त्य रॉकवर होता. 1965 मध्ये बीटल्सची गाणी वाजवली म्हणून कुस बंधू या गायक भावांना तुरुंगात टाकलं. सुटल्यावर पुढं त्यांचाच ‘कुस प्लस’ हा वाद्यवृंद देशभर गाजला. याच काळात जाकार्ताच्या गरीब वस्त्यांत मलय वाद्यवृंद आपल्या हिंदी सिनेमाच्या चाली उचलत होते. 1970 नंतर गायक रोमा इरामा यांनी त्यात इलेक्ट्रिक गिटार आणली. तबल्यासारख्या तालवाद्याच्या बोलावरून त्या गाण्याला नाव पडलं दांगदुत. शिकलेल्यांनी ते नाव हिणवण्यासाठी वापरलं; आज सारा देश त्या गाण्यावर नाचतो.

म्हणजे ज्या चालींनी आमची दंडार ‘बाटली’, त्याच चालींवर समुद्रापलीकडे एक नवं संगीत उभं राहिलं. आमच्याकडेही काही कमी घडलेलं नाही. झाडीपट्टीच्या, म्हणजे याच धानाच्या मुलखातल्या, नाटकात ऑर्गन आला, ऑक्टोपॅड आला, तरी नाटक रात्रभर चालतंच. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी.

काळजी चालींची नाही, शब्दांची आहे. दंडारीची जुनी गाणी म्हाताऱ्या शाहिरांच्या तोंडी आणि हातानं लिहिलेल्या वह्यांत आहेत. रोमा इरामांच्या कॅसेटी निघाल्या. आमच्या कितीतरी गाण्यांचा आवाज कुठंच नोंदलेला नाही.

तुमच्या घरी माळ्यावर अशी वही असेल, तर रद्दीत देऊ नका. आणि यंदाच्या मंडईत दंडार उभी राहिली, तर मोबाइलवर पूर्ण गाणं टिपून घ्या, गाणाऱ्याचं नाव विचारून.