प्रवासातील पाण्याची बाटली

(भाषणाचा मजकूर)



माणगावात उभे राहून पिण्याच्या पाण्याची काळजी करावी, हे ऐन पावसाळ्यात काहीसे विनोदी वाटेल. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि काळ नदी श्रावणात दुथडी भरून वाहत असते. तथापि माणसाची तहान पावसाच्या सरासरीवर भागत नसते. ती हाताशी असलेल्या पाण्यावर भागते. आणि माणगावचे स्थानच असे आहे की, येथे माणूस वाटेत अडकून पडण्याचे प्रसंग वारंवार येतात. मुंबई-गोवा महामार्ग या गावावरून जातो. म्हसळा-श्रीवर्धनकडे, ताम्हिणी घाटातून पुण्याकडे आणि रायगड किल्ल्याकडे जाणारे रस्ते येथून फुटतात. गणेशोत्सवात चाकरमानी गावाकडे निघाले की वाहनांची रांग तासन्‌तास हलत नाही, हे येथील लहान मुलासही ठाऊक आहे.

हा झाला नेहमीचा खोळंबा. त्याहून कठीण प्रसंगही या परिसराने पाहिले आहेत. २००५ च्या जुलैतील अतिवृष्टी आणि दरडी, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ कोसळलेला सावित्री नदीवरील पूल, २२ जुलै २०२१ रोजी महाड शहरास पडलेला पुराचा वेढा आणि त्याच दिवशी तळिये गावावर कोसळलेली दरड, या घटना विस्मृतीत जाण्याजोग्या नाहीत. पुरात चहूकडे पाणी असते. पिण्याजोगे मात्र घोटभरही मिळत नाही. उन्हाळ्याची कथा निराळी नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी याच जिल्ह्यातील खारघर येथे भर उन्हातील जाहीर कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. जवळ पाणी असते तर ते सारे वाचले असते, असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण अशा वेळी सावली पाण्याइतकीच मोलाची असते. परंतु कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि तहानेची जाणीव होईपर्यंत पुष्कळ पाणी निघून गेलेले असते, एवढे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

आपल्या वाडवडिलांना ही दृष्टी होती. प्रवासास निघताना फिरकीचा तांब्या बरोबर घेतल्याखेरीज घरातील वडीलधारी माणसे उंबरठा ओलांडीत नसत. झाकणाला आटे असलेले ते पितळी पात्र म्हणजे आजच्या बाटलीचे पूर्वजच होय. कल्हई केलेली असली म्हणजे पाणी कळकत नसे, आणि विहीर दिसली की दोरी बांधून तोच तांब्या आत सोडता येई. मालमोटारींच्या बाजूला लोंबणारी कॅनव्हासची छागल तर अनेकांनी पाहिली असेल. तिच्यातून पाणी किंचित पाझरे आणि त्या बाष्पीभवनाने उरलेले पाणी थंड राही. ही साधने मागे पडली आणि बाटली विकत घेऊन फेकून देण्याची सवय लागली. अशी बाटली पुनःपुन्हा भरून वापरणारेही पुष्कळ आहेत. ती त्यासाठी बनविलेली नसते. तिचे तोंड अरुंद, आत हात वा ब्रश जात नाही आणि चरे पडले की त्यांत जंतू आश्रय घेतात.

मग बाटली कोणती घ्यावी? बाजारात गेले असता दुकानदार प्रथम रंग दाखवितो. ग्राहकाने प्रथम माप विचारावे. बाटली एक लिटरची असावी, आणि याला केवळ तहान हे कारण नाही. जुलाब-उलट्यांवर देण्याच्या क्षार-संजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे, नेहमीचे मोठे पाकीट बरोबर एक लिटर पाण्यासाठी असते. पाणी कमी पडले तर द्रावण तीव्र होऊन अपाय करते. जास्त झाले तर गुण येत नाही. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या द्रावणाच्या बळावर मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आणले. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा पुरतो. पुरात अडकलेल्या घरी मोजपात्र कोण शोधणार? बाटली हेच मोजपात्र होय.

दुसरी गोष्ट धातूची. तांब्याची बाटली दिसण्यास सुरेख. तांब्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील जंतू कमी होतात, हेही खरे. पण गढूळ पाणी त्याने निवळत नाही आणि आंबट पदार्थ तांब्याला चालत नाही. ज्या आमसुलाने आपण तांब्याची भांडी उजळतो, त्याच आमसुलाचे सरबत तांब्याच्या बाटलीत भरणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे. स्टेनलेस स्टीलची, एकपदरी, रुंद तोंडाची बाटली सर्वांत उपयोगी. गरज पडल्यास झाकण आणि रबरी वायसर काढून ती चुलीवर ठेवता येते; पाणी फडक्याने गाळून, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू दिले म्हणजे रोगजंतू मरतात. पुराच्या पाण्यात डिझेल किंवा कीटकनाशक मिसळले असेल तर मात्र उकळूनही ते पिण्याजोगे होत नाही. पाणी तासन्‌तास थंड ठेवणारी दुहेरी पदराची बाटली कचेरीत नेण्यास उत्तम, पण ती विस्तवावर कदापि ठेवू नये. दोन पदरांमधील पोकळी बंदिस्त असल्याने ती फुटण्याचा धोका असतो.

पोलादाची परीक्षा म्हणून काही दुकानांत लोहचुंबक लावून दाखविण्यात येते. या परीक्षेवर विसंबू नये. १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले उत्तम ३०४ प्रतीचे पोलाद चुंबकास बहुधा चिकटत नाही. कमी निकेलचे २०२ प्रतीचे स्वस्त पोलादही चिकटत नाही. त्यापेक्षा बाटलीच्या बुडाशी भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह आहे काय, हे पाहणे श्रेयस्कर.

भरलेल्या बाटलीचे ओझे किलोभराहून अधिक होते, अशी तक्रार लोणेऱ्याच्या विद्यापीठात जाणारे विद्यार्थी करतील, आणि ती अगदीच गैर नाही. लहान मुलांस अर्ध्या लिटरची बाटली द्यावी. एक लिटरची घरातील मोठ्या माणसाच्या पिशवीत असू द्यावी.

राहता राहिली निगा. बाटली रोज रिकामी करून, धुऊन, पालथी घालावी. वायसर आठवड्यातून एकदा सुरीच्या टोकाने अलगद काढून त्याखालचा बुळबुळीतपणा घासून काढावा, कारण वास येतो तो तेथून. आतून डाग पडले असतील तर मूठभर तांदूळ, खडे मीठ व थोडे पाणी घालून जोराने हलवावे. सरबत किंवा ताक भरले असेल तर ते त्याच दिवशी संपवावे. नवा वायसर भांड्यांच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतो. मृग लागण्यापूर्वी तो बदलून घ्यावा आणि बाटलीच्या पिशवीच्या कप्प्यात ओआरएसचे एक पाकीट, त्यावरील मुदतीची तारीख पाहून, ठेवून द्यावे.