अडलेली मेंढी



आज मी बोलणार आहे ते अडलेल्या मेंढीविषयी. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे गेल्या, त्या धनगर बांधवांना मी काय शिकवणार? माझं बोलणं आहे ते परसात चार-पाच मेंढ्या बांधणाऱ्या लहान शेतकऱ्यासाठी. त्याची एक मेंढी गेली म्हणजे नुसतं जनावर जात नाही. पोरांच्या वह्या-पुस्तकांची सोय जाते, अडीनडीचा पैसा जातो.

प्रथम माझी चूक सांगतो. मी माण तालुक्यात प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. घरी चार दख्खनी मेंढ्या होत्या. मृगाच्या तोंडावर एका रात्री त्यांतली एक अडली. बाहेर दोन पाय दिसत होते. मला वाटलं, पाय आले, आता ओढलं की झालं. मी ओढू लागलो. शेजारी मदतीला आला, त्यानंही जोर लावला. पहाटे मेंढी गेली. मग कळलं की पाय दोन होते खरे, पण ते दोन कोकरांचे होते. एकेकाचा एकेक! दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते, म्हणून जुळ्याचा विचार माझ्या मनाला शिवलाच नाही.

शेजारच्या रानात धनगरांची मेंढरं बसली होती. सकाळी त्यांच्यातली एक म्हातारी आली. तिनं मेंढीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “गुरुजी, पाय दिसला की वढायचा नसतो. आदी इचारायचं, ह्यो पाय कुनाचा?”

मंडळी, आजच्या भाषणाचं सार या एका प्रश्नात आहे.

मेंढी साधारण दीडशे दिवसांनी विते. दिवस भरले की कास भरते, निरण सुजते, शेपटीच्या मुळाशी खळगे पडतात. ती कळपातून बाजूला होते, पायाने जमीन उकरते, उठबस करते. मग पाणमोट दिसते. नीट येणारं कोकरू विहिरीत सूर मारणाऱ्या पोरासारखं येतं. आधी पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकवलेलं नाक. असं दिसलं तर लांब बसा, हात लावू नका. पण तासभर जोराच्या कळा देऊनही काही पुढे सरकत नसेल, किंवा एकच पाय, नुसतं डोकं वा नुसती शेपटी दिसत असेल, तर मेंढी अडली असं समजा.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे गुरांच्या डॉक्टरांना निरोप धाडणं. 1962 या क्रमांकावर दूरध्वनी करूनही जनावरांसाठी मदत मागता येते. डॉक्टर येईपर्यंत वेळ लागणार असेल, तरच पुढचं काम हाती घ्या.

नखं काढा. अंगठी, बांगड्या उतरवा. कोपरापर्यंत हात साबणाने धुवा, मेंढीचा मागचा भागही धुवा. लांब हातमोजे मिळाले तर जरूर घाला. हाताला साबणाचा भरपूर फेस किंवा स्वच्छ गोडेतेल लावा. लहान हाताच्या माणसाला हे काम चांगलं जमतं. मात्र घरातल्या गरोदर बाईने या कामाला, कोकराला किंवा वारेला अजिबात हात लावू नये. मेंढ्यांचे काही रोग माणसाला होतात आणि पोटातल्या बाळाला त्यांचा धोका असतो.

पाची बोटं कळीसारखी जुळवून हात सावकाश आत घाला. कळ आली की थांबा, कळ ओसरली की पुढे सरका. हाताला पाय लागला तर तो पुढचा की मागचा, हे ओळखा. खुरावरचा पहिला सांधा आणि त्याच्या वरचा दुसरा सांधा एकाच बाजूला वळत असतील, तर तो पुढचा पाय. दोन सांधे उलटसुलट वळत असतील आणि वर टाचेचं टोक लागत असेल, तर तो मागचा. मग बोटं पायावरून खांद्यापर्यंत, छातीपर्यंत, मानेपर्यंत न्या. दोन्ही पाय आणि डोकं एकाच कोकराचं आहे अशी खात्री झाल्याशिवाय ओढू नका.

एक पाय मागे राहिला असेल, तर कोकराला कळ नसताना हलकेच आत सारा. खूर तळहातात झाकून पाय पुढे आणा, म्हणजे पिशवी फाटणार नाही. मान मागे वळली असेल, तर पाय कितीही ओढले तरी उपयोग नाही. आधी कोकरू मागे सारून डोकं सरळ करायला हवं. मागचे दोन्ही पाय पुढे आले असतील, तर ते पायाळू कोकरू. ते फिरवायच्या फंदात पडू नका, तसंच काढा. पण कंबर बाहेर आली की उशीर करू नका, कारण नाळ आत दाबली जाते आणि कोकरू पाण्यात गुदमरतं. नुसती शेपटी लागली, किंवा पिशवीचं तोंडच उघडलेलं नसलं, तर नवख्याने हात आवरावा. ते डॉक्टरांचं काम.

ओढायचं ते कळेबरोबर, आणि खाली, मेंढीच्या टाचांच्या दिशेने. एका माणसाच्या हाताचा जोर, एवढीच मर्यादा. दोघांनी मिळून दोर लावू नये. पंधरा मिनिटांत काही साधलं नाही, तर थांबा. डॉक्टर पोट चिरूनही कोकरू काढू शकतात. आपल्या हट्टापायी ती वाट बंद होऊ देऊ नका.

कोकरू बाहेर आलं की नाक-तोंड पुसा, वाळल्या गवताने अंग खसखसून चोळा. नाकात गवताची काडी फिरवली की ते शिंकतं आणि श्वास घेतं. तोंडाने फुंकर घालू नका. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. पोटात दुसरं कोकरू नाही ना, हे तपासा. तासा-दोन तासांत चीक पाजा. अडीच किलोच्या कोकराला पहिल्या दिवसभरात मिळून अर्धा लिटर चीक हवा. वार आपोआप पडू द्या, ओढू नका. पडली की चुना घालून खोल पुरा, कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका. बारा तासांत पडली नाही, तर डॉक्टरांना कळवा. हात घातलेल्या मेंढीला औषध लागतं, तेही डॉक्टरांनाच विचारून द्या.

शिक्षकमित्रांनो, जिवंत कोकराचे पाय मुलांना हळुवार वाकवून पाहू द्या. पुढचा कोणता, मागचा कोणता, हे एकदा हाताला कळलं की अंधारातही कळतं.

पुढच्या वर्षी माझी आणखी एक मेंढी अडली. डॉक्टर दूरच्या गावी गेले होते. बाहेर एक पाय आणि नाक होतं. माझे हात कापत होते, पण मी ओढलं नाही. त्या आजीचा प्रश्न मनाशी म्हणत पाय चाचपला, मागे राहिलेला दुसरा पाय शोधला, खूर झाकून पुढे आणला. तांबडं फुटताना कोकरू उभं राहिलं आणि धडपडत कासेला लागलं.

पहिली मेंढी मात्र परत आली नाही. तुमच्या दावणीवर तशी वेळ येऊ नये, म्हणून एवढं बोललो.