सेवाकार्याची पारख : फळाआधी वाटचालीची



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर निशाण चढते आणि दोन्ही तीरांवरून गोटमार सुरू होते. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. काही वर्षी प्राणही गेले आहेत. हा प्रकार थांबावा, निदान सौम्य व्हावा, म्हणून नानाविध उपाय झाले. 2001 साली प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी ते स्वीकारले नाहीत; दगडच चालले. या प्रयत्नाविषयी आज जे सांगितले जाते ते एका वाक्यात संपते : उपाय फसला.

परंतु कोणत्या पायरीवर फसला? चेंडू कोणाच्या हाती दिले गेले? किती दिवस आधी? दोन्ही गावांतील जुन्या खेळणाऱ्यांना विचारून, की ऐन वेळी? पहिला दगड कशामुळे उचलला गेला? ‘फसला’ या एका शब्दातून यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही. यास्तव पुढील उपाय योजणारास पुन्हा आरंभापासूनच आरंभ करावा लागतो.

सेवाकार्याच्या मूल्यमापनाचे दोन भाग आहेत. एक फळाचा, दुसरा वाटचालीचा. फळ पाहणे सर्वांस सुचते, कारण ते आकड्यांत मावते. वाटचाल पाहणे म्हणजे ठरविलेले काम ठरविल्याप्रमाणे झाले काय, ते ज्यांच्यासाठी होते त्यांच्यापर्यंत पोहोचले काय, आणि त्यांनी ते कसे घेतले, हे काम चालू असतानाच पाहणे. नेत्रशिबिराच्या अहवालात शस्त्रक्रियांची संख्या छापली जाते. घरी परतलेल्या म्हातारीच्या डोळ्यांत औषधाचे थेंब कोणी व किती दिवस घातले, हे सहसा छापले जात नाही. दृष्टी मात्र पुष्कळदा त्या थेंबांवर अवलंबून असते.

हा विचार आपल्या देशास नवा नव्हे. 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हाच नियोजन मंडळाने तिची पारख करण्यासाठी एक निराळी मूल्यमापन संघटना उभी केली, आणि तिची धुरा प्रा. द. गो. कर्वे यांजकडे दिली. काम करणारे वेगळे व पारखणारे वेगळे, ही त्यातील दूरदृष्टी होती. पुढे 1957 साली बळवंतराय मेहता समितीने ही योजना लोकांचा पुढाकार जागवू शकली नाही, असे स्पष्ट म्हटले. किती विहिरी खोदल्या एवढेच मोजत राहिले असते, तर ही उणीव दिसली नसती.

या बाबतीत अधिक बोलके उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1993 ते 1998 या काळात 39 गावांत नवजात बालकांची घरच्या घरी शुश्रूषा करण्याचा प्रयोग केला. तुलनेसाठी आणखी 47 गावे घेतली. प्रयोगाच्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू हजारी 62 वरून 25.5 वर आले. तुलनेच्या गावांत ते 60 च्या आसपासच राहिले. हे आकडे सर्वत्र गाजले. सेवकांनी शिकावे असे मात्र आकड्यांच्या मागे बरेच आहे. जन्ममृत्यूंची नोंद कार्यकर्तीच्या स्वतःच्या वहीवर सोडलेली नव्हती. ती स्वतंत्र व्यवस्थेने घेतली जाई. तिसऱ्या वर्षी शंभरांपैकी 93 बालकांपर्यंत शुश्रूषा पोहोचली, हेही नोंदलेले होते. म्हणून मृत्यू घटले ते कामामुळे घटले, असे म्हणण्यास आधार राहिला.

त्याच संस्थेच्या न्यूमोनियाविषयक कामातील एक गोष्ट तर मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. दोन महिन्यांखालील बालकाचा श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक झाला, तर ते धोक्याचे लक्षण. पण गावातील निरक्षर दाईंना साठापर्यंत मोजणेच अवघड जाई. यावर मण्यांचे एक साधे साधन तयार झाले : दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वर बसून केवळ मृत्यूंचे आकडे पाहणारास दाई निष्काळजी वाटल्या असत्या. जवळ बसून पाहणारास अडचण कळली.

2011 पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्ती नवजात बालकाच्या घरी जाते. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर 42 दिवसांत सहा भेटी, घरी झाली असेल तर सात. भेटी पूर्ण झाल्यावर 250 रुपये मिळण्याची तरतूद झाली. येथे पारखणाराने सावध असावे. भेट चुकल्याचे लिहिले की पैसे बुडतात, अशा स्थितीत वही भरलेलीच राहणार, आणि दोष त्या बाईंचा म्हणता येणार नाही. वहीतील सहा खुणा मोजण्यापेक्षा एका भेटीस सोबत जाऊन पाहावे : बाळ वजनकाट्यावर ठेवले काय, श्वास पूर्ण मिनिटभर मोजला काय, आईने काही विचारले काय. चूक आढळल्यास ती दंडासाठी नव्हे, दुरुस्तीसाठी आहे, हे आधी सांगितले पाहिजे व पाळलेही पाहिजे. नाहीतर पुढल्या भेटीला सगळे देखाव्याचे होते.

भाषेचा प्रश्न या भागात विशेष आहे. पांढुर्णा व सौंसर हे तालुके मिळून 2023 साली वेगळा जिल्हा झाला. राज्याचा कारभार हिंदीत, बहुतेक घरांची बोली मराठी, सातपुड्याकडील पाड्यांवर गोंडीही. छापील हिंदी प्रश्न वाचून दाखविला की म्हातारी ‘हो’ म्हणते. तो होकार प्रश्नाला असतो की पाहुण्याच्या आदराला, हे ओळखणे कठीण. तोच प्रश्न सुनेला तिच्या बोलीत, सासू बाजूस असताना विचारला, तर उत्तर पुष्कळदा बदलते. प्रश्न कोणी विचारला, कोणत्या भाषेत, कोणाच्या समक्ष, हे उत्तराइतकेच जपून लिहून ठेवावे.

गोटमारीच्या दिवशी नदीकाठी प्रथमोपचाराची सोय असते व जखमींची संख्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत येते. पट्टी बांधली जात असताना तेथे दोन स्वयंसेवक, दोन्ही गावांतील, वही घेऊन बसू शकतात. जखमीचे नाव लिहू नये. तो किती वर्षांचा, कितव्या वर्षी प्रथम उतरला, दगड कोठून आणले होते, घरातून कोणी अडविले होते काय, आणि अडवूनही तो का आला, एवढेच पाच प्रश्न त्याच्याच मराठीत विचारावेत. अशा वह्या चार-पाच पोळ्यांच्या जमल्या, की रबरी चेंडूंनंतरचा उपाय कोणता हे ठरविण्यास बसता येईल.