पोस्टरवरचा उजेड

आज मी चित्रांबद्दल बोलणार आहे. ती तुमच्यासमोर नाहीत, पण सांगितल्यावर डोळ्यांपुढे सहज उभी राहतील, कारण त्यांत दाखवलेलं फार थोडं आहे.

पहिलं पोस्टर १९७९ सालच्या 'एलियन' या विज्ञानपटाचं. सगळा कागद काळा. मधोमध अधांतरी एक अंडं. त्याला खालच्या बाजूनं तडा गेलाय आणि तड्यातून हिरवट-पिवळा उजेड पाझरतोय. तळाशी जाळीसारखं विणलेलं काहीतरी. वर चित्रपटाचं नाव, अक्षरं एकमेकांपासून लांब लांब, जणू अंतराळातली पोकळी त्या नावातही शिरली आहे. माणूस नाही, यान नाही, आणि ज्याच्यावरून चित्रपटाचं नाव पडलं तो प्राणी तर कुठेच नाही.

हे काम फिलिप गिप्स यांचं. चित्रपट पाहिलेल्यांना आठवेल, त्यातली अंडी अशी दिसतच नाहीत. ती चामड्यासारख्या सालीची, माथ्यावर पाकळ्यांसारखी उघडणारी. पोस्टरवरचं अंडं मात्र कोंबडीच्या अंड्यासारखं, आपल्या रोजच्या ओळखीचं. मला वाटतं, भीती नेमकी इथून सुरू होते. अनोळखी वस्तूपासून माणूस आपणहून लांब राहतो. पण ओळखीच्या अंड्यातून बलकाऐवजी उजेड गळायला लागला, तर भरवसा ठेवायचा कशावर?

विज्ञानपटांची पोस्टरं नेहमीच इतकी अबोल नव्हती. १९५६ सालच्या 'फॉरबिडन प्लॅनेट'चं पोस्टर बघा. रॉबी नावाचा धिप्पाड यंत्रमानव बेशुद्ध तरुणीला हातांवर उचलून उभा आहे. चित्रपटात हाच रॉबी आज्ञाधारक आणि निरुपद्रवी. खरा राक्षस आहे तो माणसाच्या सुप्त मनातून उपजलेला, आणि तो अदृश्य आहे! अदृश्य राक्षस रंगवायचा कसा, याचं उत्तर सापडलं नाही म्हणून बिचाऱ्या रॉबीला पुढे केलं असावं.

ते उत्तर सत्तरच्या दशकात उजेडानं दिलं. 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' हा १९७७चा चित्रपट. त्याच्या पोस्टरवर रात्रीचा एक सरळ रस्ता आणि क्षितिजामागे पांढरी प्रभा, एवढंच. तिकडे काय आहे ते कळत नाही, पण पाय तिकडे ओढले जातात.

आणि मग आलं १९८२ साल. जून महिन्यात, दोन आठवड्यांच्या अंतरानं, युनिव्हर्सल या एकाच कंपनीचे दोन चित्रपट अमेरिकेत लागले: 'ई.टी.' आणि 'द थिंग'. 'ई.टी.'चं पोस्टर जॉन अल्विन यांचं. मायकेलअँजेलोच्या 'आदमची निर्मिती' या चित्राची आठवण देत दोन बोटं एकमेकांना भिडतात, एक परग्रहावरच्या जिवाचं, एक मुलाचं, आणि स्पर्शाच्या ठिकाणी प्रकाश फुलतो. 'द थिंग'चं पोस्टर ड्रू स्ट्रुझन यांनी चित्रपट न पाहताच एका रात्रीत रंगवलं. बर्फात जाड कोट घातलेला माणूस उभा आहे. टोपडं डोक्यावर आहे, पण आत चेहरा नाही. चेहऱ्याच्या जागी डोळे दिपवणारे किरण, थेट आपल्या अंगावर येणारे. या कथेतला प्राणी कुठल्याही माणसाचं रूप घेऊ शकतो, म्हणजे समोरचा कोण हे सांगताच येत नाही. ही सगळी कथा त्या एका नाहीशा झालेल्या चेहऱ्यात मावली आहे.

दोन्हीकडे उजेडच, पण एकात तो दोघांच्या मध्ये आहे आणि दुसऱ्यात आपल्यावर रोखलेला. एक जवळ बोलावतो, दुसरा मागे ढकलतो. प्रेक्षकांनी त्या वर्षी बोटांना कौल दिला आणि 'द थिंग' पडला. त्याचं मोल लोकांना कळायला पुढे बरीच वर्षं गेली. स्ट्रुझन यांचं पोस्टर मात्र पहिल्या दिवसापासून तेवढंच थोर होतं, आणि माझ्या मते या साऱ्यांत तेच सरस आहे.