‘शक्ती’च्या दोन मैफिली
(उस्ताद झाकीर हुसेन यांच्या स्मरणार्थ मंडळाने जानेवारी २०२५ मध्ये घेतलेल्या श्रवणसभेतील भाषण)



आधी एक खुलासा. मी पीएचईमध्ये उपयंत्री आहे. पाइपाचा व्यास, पंपाचं हेड, टाकीची क्षमता यांवर मला रात्री दोनला उठवलंत तरी मी बोलेन. संगीतावर बोलायला मात्र आजवर कोणी बोलावलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. आज सचिवांनी मला उभं केलं त्याचं कारण एवढंच, की गेल्या महिन्यात झाकीरभाई गेले आणि त्यांच्या ‘शक्ती’ला प्रत्यक्ष ऐकलेला, तोही दोनदा, असा राऊत शोधूनशोधून मीच सापडलो. त्यातल्या दुसऱ्या वेळी माझे बाबा बरोबर होते. ते पहिल्या रांगेत बसलेत. त्यांची परवानगी घेऊनच पुढचं सांगतोय.

आपलं मंडळ म्हणजे नाट्यसंगीत, गीतरामायण आणि गुरुवारचं दत्ताचं भजन. त्यामुळे जॅझ आणि रॉक हे शब्द ऐकून काही जण चहाच्या टेबलाकडे बघायला लागलेत, ते मला दिसतंय. थोडा धीर धरा, तबल्यावर यायचंच आहे.

जॉन मॅक्लॉफ्लिन नावाचा एक इंग्रज गिटारवादक. १९६९ च्या सुमारास तो अमेरिकेत माइल्स डेव्हिस या थोर ट्रम्पेटवादकाबरोबर वाजवत होता. जॅझ म्हणजे तिथल्या काळ्या लोकांचं, आयत्या वेळी रचत जाण्याचं संगीत. आपल्या बढतीशी त्याचं थोडं नातं लागतं. त्यात रॉकचा ढोल आणि विजेच्या गिटारीचा दणका मिसळला, की झालं जॅझ-रॉक फ्यूजन. १९७१ मध्ये मॅक्लॉफ्लिनने ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ हा बँड काढला. हे नाव त्याला त्याच्या गुरूंनी, श्री चिन्मय यांनी दिलेलं. बँड प्रचंड गाजला, आणि प्रचंड मोठ्याने वाजायचा.

मग या माणसाने काय केलं, तर वीज बंद केली. अमेरिकेत डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे तो वीणा शिकला होता. त्याने लाकडी गिटार घेतली आणि तिला आपल्या सरोदीला असतात तशा तरफेच्या सात तारा आडव्या लावून घेतल्या. पडद्यांच्या मधलं लाकूड खोलगट कोरून घेतलं, म्हणजे तार दाबून मींड काढता यावी. आणि मांडी घालून खाली बसला. शेजारी एल. शंकर व्हायोलिनवर, विक्कू विनायकराम घटमवर आणि आपले झाकीर हुसेन. उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचा घटम रोज शेजारी बसवायला एक इंग्रज लागला, हे मला अजून गमतीचं वाटतं.

१९७५ च्या ५ जुलैला न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या एका कॉलेजात त्यांचा कार्यक्रम झाला आणि त्याचंच मुद्रण ही ‘शक्ती’ची पहिली तबकडी ठरली. म्हणजे या बँडचा जन्मच प्रेक्षकांच्या साक्षीने. झाकीरभाई तेव्हा चोवीस वर्षांचे होते. पहिलीच रचना अठरा मिनिटांची, आणि तिचा वेग असा की बसल्या जागी आपला श्वास चढतो. तीन तबकड्या झाल्या आणि १९७८ पर्यंत सगळं संपलं. मी जन्माला यायच्या आधीच.

नंतर १९९७ मध्ये ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने ते पुन्हा उभे राहिले. पुढे व्हायोलिनच्या जागी मँडोलिनवाले यू. श्रीनिवास आले आणि विनायकराम यांच्या जागी त्यांचा मुलगा सेल्वागणेश, खंजिरा घेऊन. मी ऐकले ते हे.

डिसेंबर २००० मध्ये मी वीस वर्षांचा होतो, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. डोंबिवलीचे माझे मामा झाकीरभाईंचे कट्टर भक्त. त्यांनी मुंबईतल्या कार्यक्रमाची तीन तिकिटं काढली: एक स्वतःचं, एक माझं, एक बाबांचं. बाबा तबला वाजवतात हे इथे सगळ्यांना माहीत आहे. मिलमध्ये विणाई खात्यात नोकरी आणि संध्याकाळी तबला. जहाँगीर खाँसाहेबांचं नाव घेताना ते अजून कानाच्या पाळीला हात लावतात. बाबा म्हणाले, “झाकीर ऐकायचा तर सोलो ऐकायचा. अल्लारखाँसाहेबांच्या मुलाने गिटारवाल्यासाठी ठेका धरायचा आणि तो मी तिकीट काढून ऐकायचा?” त्याच वर्षी फेब्रुवारीत अल्लारखाँसाहेब गेले होते. बाबांना ते जास्तच लागलेलं होतं. नाही म्हणजे नाही.

मी एकटाच निघालो. राऊहून मीटरगेजच्या गाडीने इंदूर, तिथून अवंतिका. तिसरं तिकीट मामांनी दाराशी एका कॉलेजच्या पोराला विकलं आणि तो पोरगा आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसला. तो आवर्तनं मोजायचा. समेवर मांडीवर थाप मारायचा, आणि दर वेळी एक मात्रा लवकर. मामांनी पहिली पंधरा मिनिटं सहन केलं, मग त्याचा हात धरून ठेवला. तिहाई संपेपर्यंत सोडला नाही.

त्या कार्यक्रमात पाहुणे कोण होते बघा. संतूरवर शिवकुमार शर्मा, मांडीवर गिटार आडवी ठेवून वाजवणारे देबाशिष भट्टाचार्य, पखवाजवर भवानीशंकर, ड्रमवर शिवमणी आणि गायला शंकर महादेवन. ‘ब्रेथलेस’ येऊन दोनच वर्षं झाली होती, तेव्हा त्यांचं नाव घेताच पोरं ओरडली. मला विचाराल तर सगळ्यांत जास्त आठवतं ते संतूर आणि गिटार. वेग नाही, कसरत नाही, एक जण बोलतोय आणि दुसरा थांबून ऐकतोय. त्यानंतर मँडोलिन आणि गिटारची सवाल-जवाबाची चढाओढ सुरू झाली. श्रीनिवास उत्तर देऊन झालं की लहान मुलासारखे हसायचे. हा माणूस २०१४ मध्ये गेला, वयाच्या पंचेचाळिशीत. आज मी त्याच वयाचा आहे.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगतो. या दुसऱ्या अवतारात मॅक्लॉफ्लिन पुन्हा विजेच्या गिटारीवर आले होते, आणि ती मला काही जागी बोचते. जुन्या तीन तबकड्यांतल्या लाकडी गिटारीची सर तिला नाही. हे मामांना पटत नाही.

पटत नाही अशी आणखी एक गोष्ट आमच्यात आहे. ८ आणि ९ डिसेंबरच्या त्या कार्यक्रमांची सीडी पुढच्या वर्षी निघाली, ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’. तासाभराची, चारच रचना. आम्ही शनिवारी होतो, त्यामुळे त्या टाळ्यांत आमच्या टाळ्या आहेत असं आम्ही धरून चालतो. पण मामा छातीठोक सांगतात की त्या रात्री झाकीरभाईंनी तबल्यावर शंकराचा डमरू आणि शंख वाजवून दाखवला. मला तो मुळीच आठवत नाही, सीडीतही नाही. मी म्हणतो, मामा, तो तुम्ही त्यांच्या सोलोत ऐकला असणार, ती त्यांची नेहमीची गोष्ट होती. मामा म्हणतात, सीडी दोन रात्रींमधून कापून केलीय, कापताना डमरू गेला. चोवीस वर्षं झाली, दर दिवाळीच्या फोनवर हा डमरू वाजतोच. मामा आता ऐंशीचे आहेत. हल्ली मी थोडी माघार घ्यायला लागलोय, कारण अलीकडे मलाही तो शंख ऐकू आल्यासारखं वाटतं.

सीडी मी राऊला आणली आणि बाबांना ऐकवली. दहा मिनिटांत उठले. “मध्येमध्ये गिटार करतेय ती.” जाता जाता एवढंच विचारलं, “तो घटमवाल्याचा मुलगा काय वाजवतो?” मी सांगितलं, खंजिरा. वीतभर लाकडी कडं, एका बाजूला घोरपडीचं कातडं, एकच झांज. कातड्याला आतून पाण्याचा हात लावला की आवाज खाली उतरतो आणि एका हाताने बायाँसारखा घुमतो. बाबा दारात थांबून ते ऐकून घेऊन गेले. सीडीला पुन्हा हात लावला नाही.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं. माझ्या पिढीने ‘इंडियन ओशन’ला डोक्यावर घेतलं, त्यांचं ‘माँ रेवा’ मी साइटवर जाताना जीपमध्ये लावायचो. त्यात गाणारे राहुल राम नर्मदा आंदोलनात काम केलेले. ज्या रेवेचं पाणी सत्तर किलोमीटरवरून वर चढवून आपण इंदुरात पितो, तिच्यावर गिटार आणि तबला एकत्र वाजतात, हे मला आपल्या घरचंच वाटायचं. बाबांना तेही चालायचं नाही. आणि हळूहळू लक्षात आलं, की बाबांना ते ऐकूच येत नाहीये. मिलमधल्या मागांनी वीस वर्षं कानांवर जे काम केलं होतं, त्याचं बिल साठीनंतर आलं. आधी बारीक आवाज गेले, मग चाटीचा ‘ना’ गेला. डग्गा राहिला. गुरुवारच्या भजनाला त्यांनी साथ करणं थांबवलं तेव्हा आपल्याला त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. आज सांगायची त्यांनी परवानगी दिलीय.

२०२२ च्या शेवटी पेपरात आलं, की ‘शक्ती’ला पन्नास वर्षं होताहेत म्हणून जानेवारीत ते भारतात येताहेत. बाबांनी बातमी कापून माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवली. वर पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘दोन काढ.’

बाबा तेव्हा शहात्तर वर्षांचे. पुन्हा अवंतिका, पुन्हा मुंबई. या वेळी वांद्रे-कुर्ला संकुलातलं उघडं मैदान. आजूबाजूला पांढऱ्या केसांची बरीच मंडळी होती. एक गृहस्थ १९७५ ची तबकडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरून बसले होते. मॅक्लॉफ्लिन ८१ वर्षांचे, झाकीरभाई ७१ चे, शिवाय शंकर महादेवन, सेल्वागणेश आणि व्हायोलिनवर गणेश राजगोपालन.

पहिल्याच दणक्याला बाबांनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं. मोठ्या स्पीकरांपुढे त्यात नुसती कर्कश शिट्टी वाजते. मला वाटलं, संपलं. एवढा प्रवास करून म्हातारा माणूस दोन तास मुका सिनेमा बघणार. मी तोंडाजवळ जाऊन विचारलं, निघायचं का? त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांचे डोळे मोठ्या पडद्यावरच्या झाकीरभाईंच्या हातांवर होते. थोड्या वेळाने माझ्या गुडघ्यावर त्यांची बोटं चालायला लागली. आधी साधा ठेका. मग बोल. सेल्वागणेश तोंडाने दक्षिणी बोल म्हणत होते, आपण पढंत करतो तसे, आणि झाकीरभाई ते तबल्यावर उतरवत होते. बाबा ते पडद्यावरून उचलून माझ्या गुडघ्यावर उतरवत होते. माझा गुडघा नंतर दोन दिवस हुळहुळत होता.

कार्यक्रम संपल्यावर बाबा म्हणाले, “शेवटी चक्रदार होती ना?” माझे दोन्ही कान शाबूत, आणि मला सांगता येईना. तबकडीवाले गृहस्थ शेजारीच उभे होते. त्यांनी बाबांना मान हलवून हो म्हटलं, आणि बाबांनी त्यांचा हात हातात घेतला. कोणी कोणाचं नाव विचारलं नाही.

परतीच्या गाडीत बाबा बराच वेळ गप्प होते. रतलाम जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, “ते तिसरं तिकीट मामांनी केवढ्याला विकलं होतं?”

मी म्हटलं, दीडपटीला.

“बरं केलं,” म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ला ग्रॅमी मिळालं; झाकीरभाईंना त्या एका रात्रीत एकूण तीन मिळाले. बाबांनी मशीन लावून बातमी दोनदा ऐकली. डिसेंबरातल्या त्या रविवारी रात्री ते गेल्याची बातमी आली, मग ती चुकीची आहे असं आलं, आणि सोमवारी सकाळी खरी झाली. ती मला बाबांना ओरडून सांगावी लागली. अशी बातमी मोठ्याने सांगणं फार वाईट. शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांना वाटलं आमच्याकडेच काही झालं. बाबांनी माळ्यावरचा डग्गा काढायला लावला. तबला नको म्हणाले.

आता आपण २००० सालच्या त्या सीडीतली ‘गिरिराज सुधा’ ऐकू, शंकर महादेवन यांनी गायलेली. शेवटी टाळ्या आहेत, त्यांत मला आणि मामांना शोधत बसू नका, मीही खूप शोधलंय. एकच विनंती. डावीकडचा स्पीकर मी मुद्दाम बाबांच्या खुर्चीला टेकवून ठेवलाय आणि त्याचा खालचा आवाज वाढवलाय. त्या बाजूला बसलेल्यांना थोडा जास्त वाटेल. ज्यांना त्रास होईल त्यांनी उजवीकडे सरकावं, तिकडे खुर्च्या रिकाम्या आहेत.