जेत्यांच्या लेखणीतले सॅम्नाइट



आज आम्ही आपणापुढे प्राचीन इटलीतील एका लोकसमूहाची हकिकत मांडणार आहोत. रोमच्या आग्नेयेस डोंगराळ मुलखात सॅम्नाइट लोक राहत. ऑस्कन ही त्यांची भाषा. इ.स.पू. 343 ते 290 या काळात रोमने त्यांच्याशी तीन युद्धे केली. त्यांविषयी सॅम्नाइटांचा स्वतःचा एकही ग्रंथ आज उपलब्ध नाही. सर्वांत विस्तृत वर्णन रोमन इतिहासकार लिव्हीचे, तेही सुमारे पावणेतीनशे वर्षांनंतरचे.

लिव्ही त्यांना डोंगरातले रानवट लोक म्हणतो. इ.स.पू. 293 च्या लढाईपूर्वीचा त्याने रंगवलेला प्रसंग पाहा: कापडाने आच्छादलेले आवार, मध्ये वेद्या, कापलेली जनावरे, उपसलेल्या तलवारी, शपथ नाकारणाऱ्याची तिथेच कत्तल. वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो यावा म्हणूनच हे लिहिले असावे, असे आमचे मत आहे. पण त्याच ठिकाणी लिव्ही सांगून जातो की, वृद्ध पुरोहित तो विधी एका जुन्या कापडी ग्रंथातून वाचत होता. म्हणजे या रानवटांजवळ ग्रंथ होता! कापडी ग्रंथ रोममध्येही होते व लिव्ही स्वतः त्यांचा दाखला देतो. तिथे तो पुरावा. इथे मात्र भीतीचे साहित्य.

तथापि लिव्हीवर अन्याय नको. इ.स.पू. 321 मध्ये कॉडियमच्या खिंडीत रोमन सैन्य कोंडले गेले व जोखडाखालून निमूट बाहेर पडले. त्या प्रसंगी सॅम्नाइट सेनापती गायस पाँटियसच्या तोंडी त्याने न्यायाची भाषा घातली आहे. भाषण लिव्हीनेच रचलेले, तरी शत्रूची बाजू त्याला दिसत होती.

पुढे कॅम्पानियाच्या लोकांनी मेजवानीत झुंजणाऱ्या ग्लॅडिएटरांना सॅम्नाइटांची शस्त्रे चढवून तेच नाव दिले, असेही तो लिहितो. एका समाजाचे नाव करमणुकीचा प्रकार झाले! विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

इ.स.पू. 91 मध्ये इटलीतील मित्रसमूहांनी रोमविरुद्ध उठाव केला, त्यात सॅम्नाइटही होते. या उठावातील काही नाण्यांवर बैल लांडग्याला शिंगांवर घेतो; लांडगा म्हणजे रोम. इ.स.पू. 82 मध्ये सुल्लाने रोममध्ये हजारो कैदी कापून काढले, त्यांत बहुसंख्य सॅम्नाइट होते.

1848 मध्ये आन्योने गावाजवळ एक कांस्यपट सापडला. तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर देवतांची नावे व वेद्यांचा उल्लेख ऑस्कन भाषेत आहे. अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात.